हृदयाचा स्नायू जिवंत आहे का? थॅलियम, मिबी की पेट: निवड, तयारी आणि टाळायच्या चुका

काका विभागात पोचले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि त्यांच्या पोटात सतरा तास काही गेलं नव्हतं. हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण) २५ टक्के, मधुमेह पंधरा वर्षांचा. शेजारच्या घरात कुणाच्या तरी कॅन्सरच्या पेट स्कॅनसाठी मिळालेला सूचनांचा कागद होता, तोच घरच्यांनी मनापासून पाळला होता. आदल्या दिवशी भात-पोळी बंद, फक्त अंडी आणि पनीर, मग संध्याकाळपासून उपास. आम्ही ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास पुढे केला तर काकू आडव्या आल्या, "अहो, शुगर आहे यांना!" समजूत घालण्यात वेळ गेला. नंतर रक्तातली साखर खाली येईना. शेवटी स्कॅन झाला, पण हृदयाच्या स्नायूने औषध उचललंच नव्हतं. सगळी भिंत फिकी. त्यांना पुन्हा बोलवावं लागलं, पुन्हा तोच प्रवास आणि पुन्हा तेवढाच खर्च.

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात काम करते. अशी सकाळ मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्यात चूक क्वचितच रुग्णाची असते. त्यांना नीट सांगणारं कुणी भेटलेलं नसतं. म्हणून हा लेख. हार्ट अटॅकनंतर पंपिंग उतरलंय आणि डॉक्टरांनी 'व्हायबिलिटी स्कॅन (स्नायू जिवंत आहे का ते पाहणारा स्कॅन) करून या' असं सांगितलंय, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तो आहे. छातीत दुखतंय पण पंपिंग चांगलं आहे, अशांची तपासणी वेगळी असते. ती स्ट्रेस टेस्ट, तिचा इथे विचार केलेला नाही.

पायरी १: आधी प्रश्न नक्की करा

अटॅक आला की स्नायूचा काही भाग मरतो. त्याचा व्रण होतो आणि तो परत आकुंचन पावत नाही. पण हलत नसलेला प्रत्येक भाग मेलेला असतोच असं नाही. काही भाग नुसता सुन्न झालेला असतो. रक्तपुरवठा परत आलेला असतो, स्नायूला सावरायला मात्र काही दिवस ते काही आठवडे लागतात. काही भाग रक्त कमी पडतं म्हणून काम आवरतं घेऊन तग धरून असतो. इको करणाऱ्याला हे तिन्ही भाग सारखेच दिसतात: भिंत हलत नाही. रक्तपुरवठा सुधारला तर हा तग धरून बसलेला भाग परत काम करू शकतो. तो आहे का, किती आहे आणि कोणत्या धमनीच्या हद्दीत आहे, एवढंच या स्कॅनला विचारायचं असतं.

म्हणून चिठ्ठी घेताना हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा: "या स्कॅनच्या उत्तरावर काय ठरणार आहे?" बायपास करायची की नाही, अमुक धमनीत स्टेंट घालायचा की नाही, की दोन्ही न करता औषधंच चालू ठेवायची? उत्तर काहीही आलं तरी निर्णय तोच राहणार असेल, तर स्कॅन कशासाठी, हेही विचारा. हा प्रश्न उद्धट नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'स्नायू जिवंत आहे, म्हणजे ऑपरेशन केलंच पाहिजे' हे समीकरण अभ्यासांतून इतकं सरळ निघत नाही. स्टिच या मोठ्या चाचणीत पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलेले १२१२ रुग्ण होते. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, २०१६ मध्ये, बायपासच्या गटात मृत्यू कमी दिसले. पण त्यातल्या ज्या ६०१ रुग्णांची व्हायबिलिटी तपासली होती, त्यांच्यात स्नायू जिवंत असलेल्यांनाच बायपासचा जास्त फायदा झाला, असं सिद्ध झालं नाही. त्या तपासण्या स्पेक्ट (थॅलियम-मिबीचे स्कॅन ज्या कॅमेऱ्यावर होतात ती पद्धत) किंवा डोब्युटामिन इकोने (हृदयाला जोर देणारं औषध देऊन केलेला इको) झाल्या होत्या, पेटने नाही. ब्रिटनमधल्या रिव्हाइव्हड चाचणीत ७०० रुग्ण होते. ब्लॉक असलेल्या, पंपिंग उतरलेल्या आणि स्नायू जिवंत असलेल्या या रुग्णांत अँजिओप्लास्टीमुळे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठीची भरती कमी झाली नाही, असं २०२२ मध्ये समोर आलं. मला विचाराल तर या स्कॅनची जागा अजूनही आहे, पण निर्णयातला एक पुरावा म्हणून. वय, किडनी, धमन्यांची अवस्था, शस्त्रक्रियेचा धोका हे सगळं त्याच्या शेजारी ठेवूनच त्याचं वजन ठरतं.

*तपासा:* चिठ्ठीवर तीन गोष्टी आहेत का? पंपिंगचा आकडा, कोणत्या धमन्यांत ब्लॉक, आणि कोणत्या भिंतीबद्दल शंका. नुसतं 'व्हायबिलिटी' लिहिलेली चिठ्ठी अपुरी आहे.

*सावधान:* अटॅकनंतर पहिल्या काही दिवसांतच केलेला स्कॅन फसवू शकतो, कारण सुन्न स्नायू अजून सावरत असतो. घाई नसेल तर किती आठवडे थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

पायरी २: कोणता स्कॅन काय पाहतो

हे नीट समजलं की तयारीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

थॅलियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं. जिवंत पेशीच्या आवरणातला पंप त्याला आत ओढतो. मेलेल्या पेशीला आवरणच धड नसतं, त्यामुळे ते आत टिकत नाही. थॅलियमचा मोठा गुण म्हणजे ते जागा बदलतं. सुरुवातीला जिथे रक्त जास्त तिथे ते पोचतं, पण पुढच्या तीन-चार तासांत, कधी चोवीस तासांत, कमी रक्ताच्या जिवंत भागातही हळूहळू जमा होतं. पहिल्या फोटोत फिका दिसलेला भाग नंतरच्या फोटोत भरून आला, तर तो जिवंत. म्हणून थॅलियममध्ये उशिराचा फोटो हाच खरा फोटो. त्याच्या अडचणीही आहेत. त्याचे किरण कमी ताकदीचे असतात, जाड छातीत किंवा पोटाच्या पडद्यामागे ते अडतात आणि चित्र धूसर येतं. त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) ७३ तासांचं असल्याने रुग्णाला मिळणारा किरणोत्सर्ग इतर दोन्हींच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो.

मिबी टेक्नेशियमला जोडलेलं असतं. ते पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रियामध्ये जाऊन बसतं, आणि तिथे ऊर्जा तयार होत असेल तरच टिकतं. चित्र थॅलियमपेक्षा स्वच्छ, अर्धायुष्य ६ तास, बहुतेक विभागांत रोज उपलब्ध. पण मिबी एकदा बसलं की बसलं, नंतर जागा फारशी बदलत नाही. त्यामुळे रक्त फार कमी असलेला पण जिवंत भाग मिबीत मेलेला वाटू शकतो. यावर उपाय म्हणजे इंजेक्शनच्या आधी नायट्रेट देणं. नायट्रेटने धमन्या सैल होतात, त्या भागाला थोडं जास्त रक्त मिळतं आणि मिबीला आत शिरायची संधी मिळते. नायट्रेटशिवाय केलेला मिबी स्कॅन व्हायबिलिटीसाठी अर्धवटच समजावा, असं माझं मत आहे.

एफडीजी पेट थेट चयापचय पाहतो. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली साखर. उपाशी असताना हृदय मुख्यतः चरबीवर चालतं. जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की ते साखरेकडे वळतं. तग धरून असलेला स्नायू साखरेवरच जगत असतो, व्रणाला काहीच लागत नाही. म्हणून आपण मुद्दाम साखर देतो, इन्सुलिन वाढवतो आणि सगळ्या जिवंत स्नायूला साखर घ्यायला लावतो. मग जो भाग तरीही घेत नाही, तो मेलेला. मात्र एफडीजी एकट्याने पुरत नाही. त्याच्या जोडीला रक्तपुरवठ्याचा फोटो लागतोच. तो अमोनिया पेटने काढता येतो, पण त्या अमोनियाचं अर्धायुष्य फक्त १० मिनिटांचं असल्याने सायक्लोट्रॉन, म्हणजे ते तयार करणारं यंत्र, जवळपास त्याच आवारात असावा लागतो. तशी सोय नसेल तर विश्रांतीतला मिबी किंवा तसंच दुसरं औषध टेट्रोफॉसमिन यांचा स्पेक्ट काढून त्याच्याशी एफडीजी ताडून बघतात.

तिघांमध्ये एफडीजी पेट सर्वांत संवेदनशील, म्हणजे जिवंत भाग त्याच्या नजरेतून सुटण्याची शक्यता सर्वांत कमी. त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. त्याने जिवंत म्हटलेला प्रत्येक भाग ऑपरेशननंतर हलायला लागतोच असं नाही. हलेल की नाही, याचा अंदाज डोब्युटामिन इको जास्त काटेकोरपणे देतो, पण जिवंत भाग तो जास्त वेळा चुकवतो.

पायरी ३: तुमच्यासाठी कोणता?

पेटची सोय हाताशी असेल, पंपिंग फारच कमी असेल आणि ऑपरेशनचा धोका मोठा असेल, तर मी पेटच्या बाजूने बोलेन. इतक्या मोठ्या निर्णयाआधी जिवंत भाग निसटलेला परवडत नाही. रुग्ण वजनदार असेल तरीही पेट बरा, कारण त्यात सीटीच्या मदतीने अडलेल्या किरणांची भरपाई करता येते.

साखर अजिबात आटोक्यात नसेल तर मात्र पेटसाठी धावपळ करू नका. आधी काही दिवस साखर सुधारा, नाहीतर थॅलियम किंवा नायट्रेट देऊन मिबी करा. या दोन्हींना साखरेच्या पातळीशी फारसं देणंघेणं नसतं.

पेट नसलेल्या शहरात थॅलियम आणि मिबी दोन्ही उपलब्ध असतील तर दोन प्रश्न विचारा. थॅलियम घेतलं तर उशिराचा फोटो नक्की काढणार का? मिबी घेतलं तर नायट्रेट देणार का? दोन्हींना हो असेल तर कोणतंही चालेल. तरुण रुग्णासाठी किरणोत्सर्ग कमी म्हणून मी मिबीकडे झुकेन. बाहेरगावी राहणाऱ्याला थॅलियमचा चोवीस तासांनंतरचा फोटो गैरसोयीचा होतो, हेही लक्षात घ्या.

एमआरआयचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. व्रण भिंतीत किती खोल गेलाय, हे तो फार छान दाखवतो. पण पेसमेकर किंवा आयसीडी (छातीत बसवलेलं, गरज पडल्यास शॉक देणारं यंत्र), खूप उतरलेली किडनी, बंद जागेची भीती किंवा बराच वेळ श्वास रोखता न येणं या अडचणी त्यात येतात. थॅलियम, मिबी आणि पेटला पेसमेकरची अडचण नाही.

पायरी ४: आठवडाभर आधी

कागद गोळा करा. अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, ताजा टूडी इको, ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम व एचबीएवनसी यांचे अलीकडचे रिपोर्ट. पोटॅशियम कशाला, असं लोक विचारतात. पेटच्या वेळी इन्सुलिन द्यावं लागलं तर पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. लघवीच्या गोळ्यांमुळे ते आधीच कमी असेल, तर हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो.

औषधांची पूर्ण यादी हातात ठेवा आणि विभागाला फोन करून प्रत्येकाबद्दल विचारा: सकाळी घ्यायची की नाही? उत्तर कागदावर लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं सकाळच्या घाईत उलटं होतं. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांबाबत स्वतःहून काहीही बंद करू नका, सुरूही करू नका. विशेषतः टाइप १ मधुमेहात मूळ इन्सुलिन थांबवणं जिवावर बेतू शकतं.

नायट्रेट मिबी ठरलं असेल तर एक गोष्ट न लाजता सांगा. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी लैंगिक ताठरतेची गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली असेल तर नायट्रेट चालत नाही. रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. पुरुष रुग्ण बायको-मुलांसमोर हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही एकांतात विचारतो. तसं विचारलं नाही तर तुम्ही स्वतः टेक्निशियनला बाजूला घेऊन सांगा.

सपाट झोपता येतं का, हे घरी करून बघा. एका पातळ उशीवर, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, घड्याळ लावून वीस मिनिटं. धाप लागली किंवा खांदा आखडलेला असेल तर आधी कळवा. लघवीच्या गोळीची मात्रा, स्कॅनची वेळ किंवा हाताची स्थिती बदलता येते. टेबलावर गेल्यावर हे कळलं तर स्कॅन अर्धवट सोडावा लागतो.

*सावधान:* गर्भधारणेची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर फोनवरच सांगा.

पायरी ५: आदला दिवस आणि स्कॅनची सकाळ

*थॅलियम असेल तर:* साधारण चार तास उपाशी या. पहिलं इंजेक्शन विश्रांतीत, दहा-पंधरा मिनिटांनी पहिला फोटो, तीन-चार तासांनी दुसरा. मधल्या वेळात सगळ्यात जास्त चुका होतात. लोक कँटीनमध्ये जाऊन भरपेट जेवतात, गोड खातात, जिन्यांवर वरखाली करतात. यामुळे थॅलियम स्नायूतून लवकर धुतलं जातं आणि उशिराचा फोटो बिघडतो. शांत बसा. काय खायचं ते विभागाला विचारून, हलकंच खा. दुसऱ्या फोटोतही काही भाग फिका राहिला तर थोडं थॅलियम पुन्हा देतात किंवा दुसऱ्या दिवशी बोलावतात. हे ऐकून वैतागू नका, कारण बरेचदा उत्तर याच फोटोत असतं. गावी परतायची घाई असेल तर ती सकाळीच सांगा.

*मिबी असेल तर:* चार तास उपास. जिभेखाली नायट्रेटची गोळी, रक्तदाबाची तपासणी, मग इंजेक्शन, आणि पाऊण ते एका तासाने फोटो. रक्तदाब आधीच कमी असेल तर गोळी देत नाहीत. त्या वेळी 'नायट्रेट दिलं नाही' अशी नोंद रिपोर्टमध्ये हवी. इंजेक्शननंतर आम्ही दूध किंवा थोडं तेलकट-तुपकट खायला देतो. मिबी यकृत आणि आतड्यातही जातं, आणि ते हृदयाच्या खालच्या भिंतीला चिकटून चमकलं तर खरं चित्र झाकलं जातं. खाल्ल्याने ते पुढे सरकतं. त्या वेळी 'आज माझा उपास आहे' असं सांगून ते टाळू नका. एकादशी असेल तर तारीखच बदलून घ्या.

*पेट असेल तर:* आता खरी काळजी. सुरुवातीच्या गोष्टीतल्या काकांच्या घरी नेमकं हेच उलटं झालं होतं.

तीन वेगवेगळ्या पेट स्कॅनच्या तीन वेगवेगळ्या तयाऱ्या आहेत. कॅन्सरच्या पेटला उपाशी यायचं असतं आणि ग्लुकोज देत नाहीत. हृदयाच्या सार्कॉइडसाठीच्या (स्नायूत सूज आणणारा एक आजार) पेटला भात-पोळी-साखर पूर्ण बंद आणि तेल-तूप भरपूर, म्हणजे निरोगी हृदयाने साखर घेऊच नये. व्हायबिलिटीला बरोबर उलटं हवं असतं: हृदयाने साखर घ्यावी. दुसऱ्याचा कागद वापरलात तर स्कॅन वाया गेलाच म्हणून समजा. तुमच्या कागदावर 'व्हायबिलिटी' हा शब्द आहे का, ते बघा.

१. आदल्या दिवशी नेहमीचं जेवण. पोळी-भाकरी, भात, वरण, भाजी. पिष्ट पदार्थ बंद करण्याचा कोणताही आहार चालू असेल तर कधी थांबवायचा, ते विचारा.

२. रात्रीचं जेवण नेहमीच्या वेळी. त्यानंतर सांगितले असतील तेवढेच तास उपाशी, बहुधा सहा ते बारा तास. सोळा-सतरा तास उपाशी राहून आलेलं हृदय चरबीवर पक्कं बसलेलं असतं. त्याला साखरेकडे वळवायला वेळ लागतो. पाणी मात्र पीत राहा.

३. वेळेच्या आधी पोचा. एफडीजीचं अर्धायुष्य ११० मिनिटांचं आहे. दूरच्या सायक्लोट्रॉनहून रस्त्याने येणाऱ्या डोसपैकी पावणेचार तासांत चतुर्थांशच उरतो. तुमच्या नावाचा डोस तुमच्या वेळेनुसार मोजून मागवलेला असतो. तुम्ही तास-दीड तास उशिरा आलात तर तो परत भरून निघत नाही.

४. आल्याबरोबर बोटातून साखर तपासतात. ती फारच जास्त असेल तर ग्लुकोज देत नाहीत, थेट इन्सुलिनकडे जातात किंवा तारीख बदलतात. बाकीच्यांना ग्लुकोजचं पाणी देतात, २५ ते १०० ग्रॅमपर्यंत, विभागाच्या पद्धतीनुसार. मधुमेह असला तरी ते प्या. ती साखर तुमच्या स्नायूला प्रश्न विचारण्यासाठी दिलेली असते, आणि ती खाली आणायचं औषध शेजारीच तयार असतं. एका दमात प्या. अर्धा ग्लास खिडकीत ठेवून दिला, असं नंतर कळण्यात काही अर्थ नाही.

५. मग दर थोड्या वेळाने साखर तपासत, गरज पडेल तसं शिरेतून थोडं थोडं इन्सुलिन देतात. साखर वर जाऊन १०० ते १४० च्या दरम्यान उतरली की एफडीजी देतात. हा टप्पा मधुमेह नसलेल्यांत लवकर आटोपतो. मधुमेहींत दोन-दोन तासही लागतात. 'अजून किती वेळ?' असं विचारत टेक्निशियनला घाई करू नका. इथली घाई पुढे फिक्या स्नायूच्या रूपाने दिसते.

६. इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत बसायचं, मधुमेहींत कधी दीड तास.

*सावधान:* घाम, थरथर, अचानक भूक, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही जाणवलं तर लगेच सांगा. इन्सुलिनने साखर जास्त उतरल्याची ही लक्षणं आहेत. 'स्कॅन बिघडेल' म्हणून गप्प बसू नका.

*तपासा:* साखरेचे सगळे आकडे आणि वेळा, दिलेलं ग्लुकोज, दिलेलं इन्सुलिन यांची नोंद ठेवली आहे का? स्कॅन पुन्हा करायची वेळ आली तर याच नोंदीवरून पद्धत सुधारता येते.

पायरी ६: टेबलावर

हलू नका, एवढंच. रक्तपुरवठ्याचा फोटो आणि एफडीजीचा फोटो नंतर एकमेकांवर बसवून पाहिले जातात. दोन्ही वेळा झोपण्याची पद्धत आणि हात एकसारखे हवेत. श्वास नेहमीसारखा, संथ. सीटीच्या क्षणी खोल श्वास घेतला तर हृदय फुप्फुसाच्या जागेत सरकल्यासारखं मोजलं जातं आणि बाजूच्या भिंतीत खोटा खड्डा दिसतो. इंजेक्शनच्या जागी आग किंवा सूज जाणवली तर तेव्हाच सांगा. औषध शिरेबाहेर गेलं की फोटो कमजोर येतो.

पायरी ७: रिपोर्ट वाचताना

चित्रात हृदयाचे १७ भाग केलेले असतात. पेटच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक भागाबद्दल दोन गोष्टी जुळवून वाचा. रक्त कमी आणि एफडीजी चांगलं: तग धरून असलेला, जिवंत स्नायू. रक्त कमी आणि एफडीजीही तितकंच कमी: व्रण. दोन्ही थोडे थोडे कमी: भिंतीचा काही थर मेलेला, काही जिवंत. रक्त चांगलं पण एफडीजी कमी हा प्रकार लोकांना घाबरवतो. डाव्या शाखेचा ब्लॉक (धमनीचा नाही, हृदयातल्या विजेच्या वाटेचा) असताना दोन कप्प्यांमधल्या भिंतीत, मधुमेहात, किंवा नुकतीच बायपास-अँजिओप्लास्टी झाली असेल तर तो दिसू शकतो. त्याचा अर्थ मेलेला स्नायू असा नाही.

थॅलियम आणि मिबीत सर्वांत चांगल्या भागाच्या तुलनेत टक्के मोजतात. साधारण ५० टक्क्यांच्या वर उचल असेल तर तो भाग जिवंत धरतात, काही विभाग मिबीसाठी ६० ची रेघ ओढतात. ही तुलना आहे, हे विसरू नका. ४८ टक्के म्हणजे मेलेला आणि ५२ टक्के म्हणजे जिवंत, असं निसर्गात नसतं.

नेहमी होणाऱ्या तीन चुका इथे सांगते. पहिली, खालची भिंत 'मेलेली' ठरवताना पोटाच्या पडद्याचा अडथळा न पाहणं. वजनदार पुरुषात हे फार होतं. सीटीची भरपाई केली का, पालथं झोपवून फोटो घेतला का, हे विचारा. दुसरी, पेटमध्ये एफडीजीच्या सर्वांत चमकणाऱ्या भागाला १०० टक्के मानून बाकीचे मोजणं. तो चमकणारा भागच तग धरून बसलेला असू शकतो, आणि मग शेजारचा निरोगी स्नायू उगाच कमी ठरतो. मोजमाप रक्तपुरवठा सर्वांत चांगला असलेल्या भागापासून व्हायला हवं. तिसरी आणि सर्वांत वाईट: सगळाच स्नायू फिका आणि हृदयाच्या पोकळीतलं रक्त चमकतंय अशा स्कॅनवर 'जिवंत स्नायू नाही' असं लिहिलं जाणं. तो स्कॅन काहीच सांगत नाही. तयारी जमली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो पुन्हा करायचा असतो, किंवा दुसरी पद्धत वापरायची असते.

रिपोर्ट हातात आल्यावर हृदयरोगतज्ज्ञ आणि शक्य असेल तर सर्जन, दोघांना एकत्र दाखवा. त्यांना दोन गोष्टी विचारा. जिवंत भाग एकूण किती? १७ पैकी एकाच भागातला जिवंतपणा आणि अख्ख्या पुढच्या भिंतीतला जिवंतपणा यांचं वजन सारखं नाही. आणि त्या भागाकडे जाणारी धमनी दुरुस्त करण्याजोगी आहे का? स्नायू जिवंत आहे पण जोडायला धमनीच उरलेली नाही, असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी औषधं नेटाने घेणं हाच उपचार राहतो.

पायरी ८: निघण्याआधी आणि घरी

पेटनंतर बोटातली साखर पुन्हा तपासल्याशिवाय आणि काही खाल्ल्याशिवाय विभाग सोडू नका. इन्सुलिनचा परिणाम आणि स्कॅनच्या आधीचा उपास मिळून घरच्या वाटेवर साखर कोसळू शकते. डबा सोबत आणा. मधुमेहाची पुढची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, ते लिहून घ्या. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

पाणी भरपूर, पण पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनी तीच मर्यादा पाळायची. मिबी आणि एफडीजीनंतर त्या दिवशी लहान बाळाला आणि गरोदर बाईला फार वेळ जवळ घेऊ नका. थॅलियमनंतर किती दिवस, ते विभाग सांगेल. थॅलियम घेऊन विमानाने जायचं असेल तर विभागाकडून सहीशिक्क्याची चिठ्ठी घ्या. विमानतळावरची किरणोत्सर्ग शोधणारी यंत्रं बरेच दिवस ते ओळखू शकतात.

शेवटचं काम म्हणजे सीडी मागून घेणं. छापलेल्या रिपोर्टवर चार-सहा चित्रं असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर मूळ फोटो लागतात, आणि ते मिळाले तर एखादा स्कॅन पुन्हा करण्याची वेळ टळते. सीडी अँजिओग्राफीच्या सीडीसोबत एकाच पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तारीख घाला.